शस्त्रक्रियांच्या यादीत कान कुठे आहे?

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने सांगितले, की जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. ही उणीव भरून काढायची तर दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. तोपर्यंत गरीब देशांचे सार्वजनिक आरोग्य म्हणजे लसी, मलेरिया, क्षय, एचआयव्ही अशी समजूत होती. शस्त्रक्रिया ही मोठ्या शहरांची चैन मानली जाई. त्या अहवालाने ही समजूत मोडली, त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या बैठकीने, तसा ठरावही केला, आणि पुढे झांबिया, टांझानिया अशा देशांनी शस्त्रक्रियांचे राष्ट्रीय आराखडे तयार केले.

पण एवढे मोठे काम मोजायचे कसे? आयोगाने त्यासाठी तीन शस्त्रक्रिया निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड कातडीबाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. ज्या रुग्णालयात या तिन्ही होतात, तिथे बाकीचेही बहुतेक काही होत असणार, असे त्यामागचे गृहीतक. कानाच्या बाबतीत ते टिकत नाही. नियमित सिझेरियन होणाऱ्या ग्रामीण रुग्णालयात वर्षभरात कानाची एकही शस्त्रक्रिया झाली नाही, तर कुणालाच नवल वाटत नाही. तिथे त्यासाठीचा सूक्ष्मदर्शक नसतो, हाड कोरायचे ड्रिल नसते. माणूसही नसतो. आपल्याकडच्या २०१२ च्या राष्ट्रीय मानकांत ग्रामीण रुग्णालयाला सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असे पाच तज्ज्ञ धरले होते. कानाच्या डॉक्टरची गाठ पडायची तर वरच्या रुग्णालयात जायचे. जागतिक पातळीवरही तेच. २०१५ मध्येच ‘अत्यावश्यक’ म्हणून ४४ शस्त्रक्रियांची जी बहुचर्चित यादी आली, तिच्यात दुभंगलेले ओठ-टाळू आहे, मोतीबिंदू आहे, जीव वाचवण्यापुरता श्वासमार्ग मोकळा करणे आहे. फुटलेल्या कानाची शस्त्रक्रिया नाही.

त्यानंतरच्या काळात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आपली स्वतंत्र यादी करायला घेतली, हे चांगलेच झाले. कोणते आजार आधी, कोणत्या शस्त्रक्रिया कुठल्या पातळीवर झाल्याच पाहिजेत, यावर तज्ज्ञांच्या मतांच्या फेऱ्या होतात आणि एकमत झालेले मुद्दे पुढे येतात. माझी अडचण अशी, की एकमताने केलेली यादी लांबत जाते. प्रत्येकाचे आवडते काम तिच्यात येते आणि मागे काय राहणार हे कुणीच बोलत नाही. अग्रक्रम ठरवायचा म्हणजे नकारही द्यावा लागतो. माझ्या मते वाहता कान, अडलेला श्वास आणि वेळेत सापडलेला तोंडाचा कर्करोग या तिघांना पहिला हक्क मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी ज्याला थांबावे लागेल त्याचे नावही घेतले पाहिजे.

आधी डोळ्याकडे पाहू. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. बहिरेपणाचा कार्यक्रम सुरू व्हायला २००७ उजाडले, तोही प्रायोगिक, २५ जिल्ह्यांपुरता. मधली तीस वर्षे कान दुर्लक्षित राहिला त्याला सरकारी अनास्था हे एक कारण आहेच, पण तेवढेच नाही. मोतीबिंदू ही एकच शस्त्रक्रिया आहे. ती वीसेक मिनिटांत होते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि म्हातारीला नातू दिसतो. देणगीदाराला फोटो मिळतो, पुढाऱ्याला शिबिर मिळते. दुभंगलेल्या ओठाचेही तसेच. कानाचे तसे नाही. पडदा बसवला तर तो जगला की नाही हे कळायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि ऐकू किती येऊ लागले हे फोटोत दिसत नाही. कानाचा आजार सहसा मारत नाही, म्हणून मृत्यू मोजणाऱ्या तक्त्यांतही तो खाली राहतो. अपंगत्वात काढलेली वर्षे मोजली की मात्र चित्र उलटते: २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या हिशेबात श्रवणदोष हे अशा वर्षांचे तिसऱ्या क्रमांकाचे कारण ठरले. ३ मार्च २०२१ रोजी आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रवणविषयक अहवालाप्रमाणे ४३ कोटी लोकांना श्रवणासाठी मदतीची गरज आहे, आणि कमी उत्पन्नाच्या देशांपैकी ७८ टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एकही कान-नाक-घसा तज्ज्ञ पुरता येत नाही.

या सगळ्यात सर्वात स्वस्तात सुटणारा आणि सर्वात जास्त टाळला जाणारा प्रश्न वाहत्या कानाचा आहे. लहानपणी सर्दीतून कान दुखतो, पडदा फुटतो, पू येतो. बहुतेकांचा पडदा आपोआप भरतो. ज्यांचा भरत नाही त्यांचा कान पुढे वर्षानुवर्षे वाहत राहतो. विहिरीत, नदीत पोहले की वाहतो, सर्दी झाली की वाहतो. जगात दरवर्षी अशा जुनाट वाहत्या कानाचे सुमारे ३ कोटी १० लाख नवे रुग्ण होतात असा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांतले पाचव्या भागाहून जास्त पाच वर्षांखालची मुले. कानाच्या संसर्गातून होणाऱ्या गुंतागुंतीने, म्हणजे मेंदूत गळू होणे, मेंदूज्वर अशा कारणांनी, वर्षाला सुमारे २१ हजार माणसे दगावतात असेही त्याच अभ्यासाने म्हटले होते.

आपल्या घरांतून या आजाराला रोग मानतच नाहीत. ‘पोराचा कान फुटलाय’ हे वाक्य ‘पोराचे दात पडतायत’ याच सुरात म्हटले जाते. मग कोमट तेल, लसणाची पाकळी, काडीला गुंडाळलेला कापूस. शाळेत तो मागच्या बाकावर जातो, कारण वास येतो. बाईंचे निम्मे ऐकू येत नाही, म्हणून तो मठ्ठ ठरतो. गोष्ट एवढ्यावरही थांबत नाही, कारण वाहणारे सगळे कान सारखे नसतात. काहींत पडद्याला नुसते भोक असते. तिथे धोका कमी, नुकसान मुख्यतः ऐकण्याचे. काहींत कातडीची पिशवी मधल्या कानात वाढत जाते, हाड खाते आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. गावातल्या डॉक्टरला हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले, तर निम्मी लढाई जिंकली. त्यासाठी चांगला ऑटोस्कोप (कानात पाहायचे दिव्याचे साधन), साफ केलेला कान आणि काही दिवसांचे नीट प्रशिक्षण एवढे पुरते.

साध्या भोकाच्या कानावर आधी औषध चालते: कान कोरडा ठेवणे, रोज कापसाच्या वातीने टिपणे आणि प्रतिजैविकाचे थेंब. महागडे यात काहीच नाही. कोरडा झालेला कान शिवायला, म्हणजे कानावरच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवायला, कसबी हाताला तासा-दीड तासाचे काम. मोठ्या माणसांत ते नुसती जागा बधिर करूनही होते. पूर्वी त्याला मोठा सूक्ष्मदर्शक लागे. आता नाकासाठी वापरतात तीच दुर्बीण कानालाही चालते आणि ती एका पेटीत मावते. म्हणजे ही शस्त्रक्रिया तालुक्यापर्यंत नेता येणार नाही, असे म्हणायला आज तांत्रिक कारण उरलेले नाही. हाड खाणाऱ्या कानाचे काम मात्र जिल्ह्याला किंवा वैद्यकीय महाविद्यालयातच व्हावे. तिथे ड्रिल, अनुभवी हात आणि पुढे आयुष्यभर कान तपासत राहण्याची सोय लागते.

शिबिरांबद्दलचे माझे मत यावरूनच बनले आहे. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या मदतीने जुलै १९९१ मध्ये जीवनरेखा एक्सप्रेस सुरू केली, आणि पहिला मुक्काम केला तेव्हाच्या बिहारमधल्या खलारीला. डोळे, दुभंगलेले ओठ यांच्याबरोबर कानाच्या शस्त्रक्रियाही त्या गाडीत झाल्या. ज्या गावाला आयुष्यात सर्जन दिसला नव्हता तिथे तो रुळांवरून आला, याचे मोल कमी नाही. पण गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघाल्यावर आठव्या आठवड्यात तो कान कोण पाहणार? ज्या ठिकाणी याचे उत्तर आहे तिथे शिबिर घ्यावे. जिथे नाही तिथे शिबिराचा पैसा एका परिचारिकेच्या पगारावर खर्च करावा.

श्वासाबद्दल फार वाद घालायची गरज नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा सीताफळाची बी जाते. रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत ती आतून भाजायला लागते. घशाचा कर्करोग वाढून श्वास कोंडतो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात कडक नळीची दुर्बीण, लहान मुलांना भूल देणारा माणूस आणि गळ्याला भोक पाडून नळी घालणारा हात लागतो. जिल्हा रुग्णालयात हे तिन्ही चोवीस तास असले पाहिजे, याला अपवाद नको. मात्र अशा याद्यांत ‘ट्रॅकिओस्टॉमी’ हा एकच शब्द लिहून काम संपते. नळी घातलेला माणूस घरी गेल्यावर ती साफ कोण करणार, जोडीची नळी कुठे मिळणार, हे त्यात येत नाही. घरी नळी चोंदून दगावलेला जीवही शस्त्रक्रियेच्या यशात मोजला जातो.

कान-नाक-घशाची व्यवस्था ऐनवेळी उभी राहत नाही, हे २०२१ ने दाखवले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने, म्युकरमायकोसिसने, देशात जूनअखेरपर्यंत ४० हजारांवर माणसे गाठली. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वात पुढे. बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरले, ते सगळ्यांना आठवते. पण औषधाबरोबरच सायनसमधला कुजलेला भाग लगोलग खरवडून काढावा लागत होता, आणि त्यासाठीची दुर्बीण, तज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह एकत्र असलेली ठिकाणे मुख्यतः मोठ्या शहरांतच होती. इंजेक्शनची टंचाई बातमी झाली, या दुसऱ्या टंचाईची फारशी झाली नाही.

तोंडाच्या कर्करोगात तर पुरावाच आपल्या दारात तयार झालेला आहे. भारतीय पुरुषांत हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. लॅन्सेट आयोगाचा अहवाल आला त्याच २०१५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता: तोंडातली गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, तर मानेतल्या लसिकाग्रंथी आत्ताच काढाव्यात, की नंतर गाठ आलीच तर काढाव्यात? जगभरचे सर्जन पन्नास वर्षे यावर भांडत होते. सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. ना नवे औषध, ना यंत्रमानव. तीच कात्री, तेच टाके, फक्त आधी.

जागतिक अग्रक्रमांत कर्करोगाला जागा देताना नेहमी एक आक्षेप येतो: हे महागडे, दीर्घ, मोठ्या केंद्रांचे काम, गरीब देशांनी यात पडू नये. उशिरा आलेल्या रुग्णाबाबत तो बराचसा खरा आहे. जबडा काढायचा, पायाचे हाड आणून नवा जबडा घडवायचा, मग किरणोपचार: यासाठी बारा-चौदा तास आणि चार विभाग लागतात, आणि इतके करून रुग्ण वर्षभरात जाऊ शकतो. पण जिभेच्या कडेवरची दीड सेंटिमीटरची गाठ वेळेत आली तर प्रशिक्षित सर्जनच्या हातून जिल्हा पातळीवर ती आणि मानेतल्या ग्रंथी काढता येतात. म्हणून यादीत ‘मुखकर्करोग’ असा एक शब्द लिहिणे निरुपयोगी आहे. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतला कर्करोग असे लिहिले तर त्याबरोबर तोंड तपासणारी आरोग्यसेविका, आठवड्यात येणारा बायॉप्सीचा अहवाल आणि तारीख देणारे शस्त्रक्रियागृह अशी पूर्ण साखळी अग्रक्रमात येते. स्वरयंत्र काढलेल्यांना आवाज परत द्यायचे कृत्रिम उपकरण बाजारात हजारो रुपयांना मिळत असताना बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी ५० रुपयांत ते बनवून दाखवले. अशी साधने त्या साखळीच्या शेवटच्या कडीला हवीत.

आता मागे काय ठेवायचे? मी कॉक्लिअर इम्प्लांटचे, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवणाच्या यंत्राचे, नाव घेतो, आणि अनेकांना राग येईल हे जाणून घेतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत इम्प्लांट बसले, वाचा-उपचार नीट झाले, तर ते मूल बोलते. हे मोठेच यश आहे आणि अपंगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, श्रवणदोषांवर काम करणाऱ्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत, गरीब घरांतल्या मुलांना ते मिळते, याचा आनंदच आहे. पण एका इम्प्लांटमागे लाखो रुपये जातात. मग आठवड्यातून दोनदा वाचा-उपचारासाठी शहरात जाणे, काही वर्षांनी बिघडलेला प्रोसेसर (यंत्राचा कानाबाहेरचा भाग) बदलणे, बॅटऱ्या. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या कुटुंबाला हे झेपत नाही, आणि झेपले नाही की लाखोंचे यंत्र कपाटात पडून राहते. दुसरीकडे, श्रवणयंत्राने फायदा होईल अशा माणसांपैकी जगात जेमतेम १७ टक्के ते वापरतात. नवजात बाळांची श्रवणतपासणी देशभर अजून नियमाने होत नाही. हे आधी न करता इम्प्लांटची संख्या वाढवली, तर ते शहराजवळ राहणाऱ्यांनाच मिळणार. ज्या घरात उशिरा कळले त्या मुलाला सांकेतिक भाषेत उत्तम शाळा मिळणे हा पराभव नाही. कर्णबधिरांच्या संघटना हे कधीपासून सांगत आहेत.

इम्प्लांट बंद करा असे मी म्हणत नाही. नवा रुपया कुठे जावा एवढाच प्रश्न आहे. समोर बसलेल्या आईला ‘तुमच्या मुलाआधी शंभर वाहते कान’ असे सांगायची माझी हिंमत नाही, हेही खरे. म्हणूनच तो निर्णय ओपीडीत नको, अर्थसंकल्पात उघडपणे व्हावा.

हे सगळे करणार कोण, हा प्रश्न उरतो. केनिया आणि मलावीत डॉक्टर नसलेले क्लिनिकल ऑफिसर कान-नाक-घशाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन काम करतात; जिथे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आहेत तिथे रोजचा भार तेच उचलतात. आपल्याकडे हा विषय निघाला तो भलत्याच वाटेने. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना आली. त्यांतल्या १९ डोळे, कान, नाक, घसा अशा शालाक्य तंत्राच्या. ११ डिसेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर संप केला. एका बाजूला सुश्रुताचा अभिमान, दुसऱ्या बाजूला ‘मिक्सोपॅथी’, म्हणजे दोन उपचारपद्धतींची भेसळ, अशी चेष्टा. धारणी, अक्कलकुवा अशा दुर्गम तालुक्यांत कान कोण शिवणार, आणि त्याला कुणाच्या देखरेखीखाली किती कान शिवून झाल्यावर एकट्याने परवानगी मिळणार, हे दोन्हीकडून कुणी विचारले नाही.

सुश्रुताचा, म्हणजे कापलेले नाक नव्याने घडवण्याच्या जुन्या विद्येचा, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडची एक हकीकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ती वाचून लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू पुढे त्या पद्धतीकडे वळला आणि १८१४ मध्ये त्याने तसे नाक बसवले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. मला तिच्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने: त्या कारागिराकडे पदवी नव्हती, पण एकच काम पिढ्यान्‌पिढ्या केल्याचा हात होता, आणि बिघडलेले नाक त्याच्याच पंचक्रोशीत फिरणार होते. आजचे प्रशिक्षण याच दोन गोष्टींवर उभारता येईल: ठरावीक मोजक्या शस्त्रक्रिया भरपूर वेळा करणे, आणि निकाल त्याच तालुक्यात तपासला जाणे. पदवी कोणत्या शाखेची, हा प्रश्न त्यानंतरचा. शिकवायचे साहित्यही आता महाग नाही. केपटाउनच्या योहान फेगन यांनी संपादित केलेला शस्त्रक्रियांचा सचित्र ॲटलस कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शोधणारी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाडीत, शाळेत जाऊन जी तीसेक दुखणी तपासतात त्यांत वाहता कान आहे, बहिरेपण आहे, दुभंगलेले ओठ-टाळू आहे. शोधलेल्या मुलाला चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले, हे कुठल्याही जिल्ह्याने जाहीर फलकावर लावावे: किती मुलांचे कान शिवले गेले आणि चिठ्ठीपासून शस्त्रक्रियेपर्यंत किती महिने गेले. त्याच्या शेजारी, श्वासनलिकेत काही अडकलेल्या मुलांपैकी किती जणांना जिल्ह्याबाहेर पाठवावे लागले. आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पहिल्यांदा सर्जनसमोर बसले तेव्हा कोणत्या अवस्थेत होते. फुले जनआरोग्य योजना झालेल्या शस्त्रक्रियेचे पैसे देते, म्हणून झालेल्या शस्त्रक्रिया मोजल्या जातात. न झालेल्यांचा हिशेब कुणाकडेच मागितला जात नाही. जागतिक यादी करणाऱ्या तज्ज्ञांनीही देशांकडून आधी हे तीन आकडे मागावेत, सूक्ष्मदर्शकांची संख्या नंतर.